गृहीतकांचा पदवीधर

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक गोलमेज परिषद भरते. विज्ञानाला टक्के पुरत नाहीत, जमाखर्चात मुलीचं मन रमत नाही आणि ‘आर्ट्सला घातलंय’ हे लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगताना आईची मान आपोआप खाली जाते. अशा वेळी कुठला तरी मामा तोडगा काढतो, "अगं, इकॉनॉमिक्स घेऊ दे की तिला!" आणि परिषद संपते. शाखा तीच, इमारत तीच, फी तीच, पण ‘बी.ए. इकॉनॉमिक्स’ म्हटलं की लिफ्टमधली मान सरळ होते. त्याच मालावर निराळं लेबल लावून निराळा भाव मिळवायचा, याला अर्थशास्त्रात वस्तुभेद म्हणतात. विषयाचा पहिला धडा असा प्रवेशअर्ज भरायच्या आधीच होतो, तोही फुकट.

प्रवेश झाला की नातेवाइकांच्या चौकश्या सुरू होतात. काकांना कुठला शेअर घ्यावा ते हवं असतं, मावशीला दिवाळीपर्यंत सोनं उतरेल का ते. मुलगी त्या वेळी व्याख्या पाठ करत असते. अ‍ॅडम स्मिथ, १७७६, संपत्तीचं शास्त्र. मार्शल, १८९०, कल्याणाचं शास्त्र. रॉबिन्स, १९३२, दुर्मिळतेचं शास्त्र. प्रत्येक व्याख्येखाली ‘टीका’ असा ठळक मथळा आणि त्याखाली क्रमवार मुद्दे. रॉबिन्सला काय म्हणायचं होतं ते उमगायच्या आत त्याचं काय चुकलं ते तोंडपाठ होतं. ही तयारी वाया जात नाही. अर्थसंकल्पाच्या रात्री टीव्हीवर बसणाऱ्यांना एवढ्याच भांडवलावर घरं चालवता येतात.

या शास्त्राचा जीव मात्र अडकलाय तो गृहीतकांत. उपभोक्ता विवेकी आहे, त्याला बाजारातली सगळी माहिती आहे, विक्रेते असंख्य आहेत, माल एकजिनसी आहे, वाहतुकीला पैसे पडत नाहीत आणि इतर परिस्थिती कायम आहे. एवढं मान्य केलं की मागणीचा आणि पुरवठ्याचा वक्र हव्या त्या ठिकाणी एकमेकांना छेदतात आणि सगळं समाधानाने पार पडतं. ‘गृहीतके’ असा मथळा लिहून खाली पट्टीने रेघ मारली की त्याचे गुण वेगळे. गृहीतक खरं आहे का, असं विचारायचं झालं तर त्यासाठी पुरवणी मागावी लागते, आणि पुरवणी येईपर्यंत घंटा होते.

वर्गात मागच्या बाकावर निफाडकडचा एक मुलगा असतो. प्रत्येक वर्गात असतो. कधी तो निफाडचा, कधी चाकणचा, कधी जुन्नरचा. पूर्ण स्पर्धा ही कल्पना इतरांना समजावून द्यावी लागते, त्याला ती घरून ठाऊक असते. विक्रेते असंख्य? लासलगावच्या बाजार समितीपुढची ट्रॅक्टरांची रांग बघा. एकजिनसी माल? कांदा. भाव ठरवण्याची विक्रेत्याची ताकद? शून्य. पुस्तकातल्या अटींत बसणारा उत्पादक महाराष्ट्रात सापडलेला आहे, आणि तो कर्जात आहे.

पुढे कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत येतो. यंदा भाव चढा म्हणून पुढच्या हंगामात लागवड जास्त, लागवड जास्त म्हणून भाव पडलेला, भाव पडलेला म्हणून त्याच्या पुढे लागवड कमी. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ साली या फेऱ्याला हे नाव दिलं. सर फळ्यावर जाळं विणून दाखवतात. मुलगा त्यात राहतो. त्याची शंका एवढीच असते, की ‘इतर परिस्थिती कायम’ म्हणजे नेमकी कुणाची? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना, बंदी उठली. आकृतीला अक्ष दोनच, किंमत आणि नगसंख्या. मतदान कुठल्या अक्षावर दाखवायचं?

सर म्हणतात, "तो राज्यशास्त्राचा भाग झाला. मायनर घे, त्यात येईल."

मायनर! नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजात पोचल्यापासून विद्यार्थी हा खरोखरच पुस्तकातला उपभोक्ता झाला आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी अशी पाटी भरून समोर ठेवली जाते. तीन वर्षांत १३२ क्रेडिट जमवा, चार वर्षांत १७६. एका वर्षात कंटाळलात तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडा, दोन वर्षांत कंटाळलात तर डिप्लोमा. निवडीचं स्वातंत्र्य संपूर्ण आहे. फक्त कॉलेजात ज्या विषयाच्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतोय, तोच विषय सर्वांनी स्वखुशीने निवडायचा असतो. पुरवठा आपली मागणी स्वतःच निर्माण करतो, हा सेचा नियम केन्स यांनी १९३६ साली मोडीत काढला, असं दुसऱ्या वर्षाला शिकवतात. ते शिकवून झालं की पोरं त्याच नियमाने लागलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या तासाला जातात.

उपभोक्ता विवेकी नसतो, अशी ओरड हल्लीचे वर्तनवादी अर्थशास्त्रज्ञ करतात. त्यांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उभं राहावं. एका हाताला विटेएवढं संदर्भपुस्तक, दुसऱ्या हाताला अपेक्षित प्रश्नांचा सडपातळ गाईड. तेच प्रश्न दर दोन वर्षांनी फिरून येतात, ही बाजारातली संपूर्ण माहिती सर्व ग्राहकांना आहे. लाभ तेवढाच, खर्च दहावा हिस्सा. एकाही विद्यार्थ्याचा हात चुकून संदर्भपुस्तकाकडे जात नाही. इतकं निर्दोष विवेकी वर्तन मार्शलसाहेबांनी बघितलं असतं तर गहिवरून त्यांनी अभ्यासक्रमात गाईडच लावला असता.

जुन्या पुस्तकांच्या बाजूला तर नोबेलविजेता सिद्धांत उलटा टांगलेला दिसतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं की मालाचा दर्जा विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून चांगला माल बाजारातून उठतो. इथे घेणाराही पक्का. कोरं करकरीत जुनं पुस्तक तो बाजूला सारतो, कारण मालकाने ते उघडलंच नव्हतं आणि बहुधा नापासही झाला असावा. पेन्सिलच्या खुणा असलेलं, कोपरे दुमडलेलं, ‘व्हीआयएमपी’ लिहिलेलं पुस्तक हातोहात जातं. घसाऱ्याने किंमत वाढणारी भांडवली वस्तू जगात बहुधा हीच.

आता शिकवणाऱ्यांकडे वळू. जॉन बेट्स क्लार्क यांनी १८९९ साली मांडलं, की स्पर्धा असेल तर मजुराला त्याच्या सीमान्त उत्पादकतेइतकं वेतन मिळतं. हा धडा फळ्यावर लिहिणारे सर सेट-नेट उत्तीर्ण असतात, पीएच.डी. झालेले असतात आणि तासिका तत्त्वावर असतात. सकाळी या कॉलेजात, दुपारी दुचाकीवरून पलीकडच्या तालुक्याच्या कॉलेजात. तास झाला तर मानधन. सुट्टीत मानधन नाही. आणि झालेल्या तासांचं मानधन कधी, हा प्रश्न अनिश्चिततेच्या प्रकरणात येतो. क्लार्क शिकवताना सर पुस्तकाकडे बघून बोलतात. जोन रॉबिन्सन यांच्या १९३३ च्या पुस्तकातला भाग आला की मात्र पुस्तक मिटतात. श्रमाचा खरेदीदार एकच असला की तो कामगाराला त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी पैसे देऊ शकतो, हे सांगताना सरांच्या आवाजाला अशी धार येते की झोपलेले बाकही जागे होतात. त्या सत्रात तेवढा एकच भाग सर्वांना समजलेला असतो.

कायमची जागा निघते तेव्हा स्मिथचा अदृश्य हात पुढे येतो. त्यावर काय ठेवायचं आणि किती, हे जाहिरातीत नसतं; पण उमेदवारांना संपूर्ण माहिती असते. पूर्ण स्पर्धेची हीसुद्धा एक अट आहेच.

नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्डमधले काही विद्यार्थी ग्रेगरी मॅन्किव्ह यांच्या अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातून उठून गेले. शिकवणं एकांगी आहे, अशी त्यांची तक्रार होती. तसं खुलं पत्रही त्यांनी लिहिलं. जगभर बातमी झाली. आपल्याकडे वर्गातून उठून जाणाऱ्यांचं प्रमाण हार्वर्डने हेवा करावा असं आहे, पण पत्र कुणी लिहीत नाही. हजेरी लागली की मतभेद मिटतात.

यथावकाश निकाल लागतो. यथावकाश म्हणजे किती, याला गणित नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली संगणकावर उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या, तेव्हा कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली होती. गणपती येऊन गेले तरी काही निकाल यायचेच होते. पुरवठा अलवचिक असतो म्हणजे काय, हे त्या वर्षीच्या पोरांना पुन्हा शिकवावं लागलं नाही.

हाती आलेल्या पदवीचं काय करायचं, याचंही उत्तर शास्त्राने देऊन ठेवलंय. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली सिद्ध केलं, की शिक्षणाने माणसाची कुवत तसूभर वाढली नाही तरी पदवीला बाजारात किंमत असू शकते. ती घ्यायचा त्रास कोण सोसू शकतो, एवढं मालकाला कळलं तरी पुरे. या सिद्धांताला नोबेल मिळालं. आपल्या विद्यापीठांनी त्याचा प्रयोग इतकी वर्षं इतक्या मोठ्या प्रमाणावर विनामूल्य चालवला, त्याची दखल स्टॉकहोमला कुणी घेतली नाही.

पदवीनंतरची गर्दी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांकडे वळते. एमपीएससीच्या सामान्य अध्ययनात अर्थव्यवस्था आहेच, त्यामुळे आपला विषय कामाला आला असं म्हणायची सोय होते. बुडीत खर्च निर्णयात धरायचा नसतो, जो गेला तो गेला, यापुढे काय मिळेल तेवढंच बघायचं, हे ज्याने दहा गुणांसाठी लिहिलं होतं, तोच चौथ्यांदा पूर्वपरीक्षेचा अर्ज भरताना मेसच्या मित्राला सांगतो, "आता एवढी वर्षं घातलीत, तर सोडायचं कसं?" त्याला हसण्याआधी बाहेर त्याच्यासाठी काय ठेवलंय ते बघावं. कदाचित त्याचा हिशेब आपल्यापेक्षा चोख असेल.

थोडक्यात, अर्थशास्त्र कॉलेजात शिकवलं जात नाही ही तक्रार चूक आहे. ते तिथे चालवलं जातं. वर्ग, गाईड, नेमणूक, वेळापत्रक, पदवी, सगळीकडे ते नियमाप्रमाणे चालू आहे. फक्त प्रश्नपत्रिकेत ते उतरत नाही.

आणि हे आपल्याकडे व्हावं, जिथे या विषयाची सुरुवातच गृहीतकांशी भांडून झाली! १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे व्याख्यानाला उभे राहिले आणि विलायती पुस्तकातली गृहीतकं एकेक करून मोजून म्हणाले, की ही या देशाला लागू पडत नाहीत. त्याआधी दादाभाई नौरोजींनी प्रांताप्रांतांच्या उत्पादनाचे आकडे गोळा करून १८६७-६८ साली माणशी वर्षाला २० रुपये पडतात असा हिशेब मांडला, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी तो ताडून पाहिला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झालेल्या भीमराव आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून साम्राज्याच्या चलननीतीलाच जाब विचारला. गोखले संस्थेच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणसाला रोज किती उष्मांक लागतात तिथून सुरुवात करून देशातली गरिबी मोजली. या सगळ्यांनी आधी पानातलं अन्न बघितलं, मग वक्र काढला. अभ्यासक्रमात ते आजही आहेत. शेवटच्या घटकात, ‘टीपा लिहा’ या सदराखाली, प्रत्येकी पाच गुणांना.

सत्रपरीक्षा जवळ आल्या आहेत, तेव्हा वाचकांच्या पाल्यांसाठी एक सराव प्रश्नपत्रिका :

वेळ : तीन वर्षे (नव्या धोरणानुसार चार).

प्रश्न १. चाळीत कांदा सडतो आहे आणि शहरात तो महाग आहे. स्वच्छ आकृती काढून संतुलन दाखवा. आकृतीत दलाल, सरकार व पाऊस दाखवू नये.

प्रश्न २. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे मानधन सहा महिने थकले आहे. तरी तो वेळेवर येतो व मन लावून शिकवतो. उपभोक्त्याच्या विवेकशीलतेच्या संदर्भात त्याचे काय चुकले ते सांगा.

प्रश्न ३. टीपा लिहा (कोणत्याही दोन) : (अ) दादाभाई (ब) रानडे (क) आंबेडकर (ड) तुमच्या घरचा महिन्याचा हिशेब.

सूचना : सर्व उत्तरे गृहीतकांसह लिहावीत. ३ (ड) हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने त्याला गुण नाहीत. दादाभाईंनी देशापुरता तेवढाच सोडवला होता.