गोणी उचला, दम मिळवा : नवशिक्यांसाठी कळसाडी पद्धत

पुण्याहून, सुरतेहून सुट्टीला नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीला येणाऱ्या, मनगटावर घड्याळ आणि डोक्यात एकच प्रश्न असणाऱ्या मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. प्रश्न असा : वजनं उचलली की धावणं माफ होतं का? ताकदीचा व्यायाम करता करता हृदयाचा आणि दमाचा व्यायाम परस्पर उरकतो का? विचारणाऱ्याला धावायचं नसतं हे उघड आहे. मार्गदर्शिकाही त्याच्याच बाजूची आहे, जमेल तिथपर्यंत.

साहित्य : खताची एक गोणी. युरियाची गोणी २०१८ पासून ५० किलोंवरून ४५ वर आली, डीएपीची मात्र अजून ५० चीच आहे. तेव्हा नवशिक्याने युरियापासून सुरुवात करावी आणि प्रगती झाली की डीएपीवर जावं. ज्यांना ४५ किलोही जड जातील त्यांनी रिकाम्या गोणीत पायलीभर, दोन पायल्या गहू भरावेत आणि तोंड शिवून टाकावं, म्हणजे आत किती आहे ते कोणाला दिसत नाही. गोणीच्या मालकाला आधी विचारलेलं बरं.

पायरी पहिली : गोणी उचला. कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा, गोणी अंगाशी धरून उठा. आणि कुंथू नका. ही सूचना छोटी दिसते, पण अख्ख्या विषयाची मेख इथे आहे, म्हणून गोणी खाली ठेवून जरा ऐका.

धावताना पायांचे मोठे स्नायू आलटून पालटून आवळतात आणि सैल होतात. प्रत्येक वेळी ते रक्त वर ढकलतात, हृदयाची पोकळी भरून येते आणि हृदय ते सगळं पुढे पाठवतं. काम भरपूर, पण वाट मोकळी. जड वजन उचलताना उलटं होतं. स्नायू घट्ट आवळलेले राहतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या चेपतात, वर आपण श्वास कोंडून धरलेला असतो. हृदयाला आता बंद दारावर धडका द्यायच्या असतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ मध्ये पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून हा दाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. आपल्याकडे १६०/१०० झाला तरी घरात मीठ बंद होतं. तरण्याताठ्या, सरावलेल्या माणसांना हा दाब काही क्षण झेपतो. काकांना झेपेलच असं नाही. म्हणून उचलताना श्वास सोडा, ठेवताना घ्या.

पायरी दुसरी : घड्याळाकडे बघू नका. ते १५० दाखवेल आणि तुम्हाला वाटेल, झालंच की धावणं! नाडी वाढली म्हणजे हृदयाचा व्यायाम झाला, असं असतं तर गल्लीतलं कुत्रं मागे लागणं हाही व्यायामच ठरला असता. मे महिन्यात नंदुरबारच्या उन्हात नुसतं उभं राहिलं तरी नाडी चढते, कारण शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे धाडावं लागतं. वजन उचलताना नाडी जेवढी वाढते तेवढ्या प्रमाणात प्राणवायूचा वापर वाढत नाही. दम वाढतो तो प्राणवायू ओढून ओढून वापरण्याने, आणि घड्याळ मोजतं फक्त ठोके.

पायरी तिसरी : गोणी खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चाला. वाटेत ओट्यावरून कोणीतरी हटकून विचारेल, "भाऊ, गोणी कथा लई चालना?" खरं उत्तर "कथाच नही", म्हणजे कुठेच नाही, असं असल्यामुळे हसून पुढे जावं.

पायरी चौथी : तीच गोणी परत आणा.

पायरी पाचवी : विश्रांती. इथे बहुतेक नवशिके वाया जातात. शहरातल्या व्यायामशाळेत एकदा वजन उचलायचं आणि तीन मिनिटं मोबाइल बघायचा, अशी रीत आहे. निव्वळ ताकद वाढवायची असेल तर तीन मिनिटं योग्यच आहेत, त्यात मोबाइलचा काही दोष नाही. पण तेवढ्यात नाडी उतरते, श्वास जागेवर येतो आणि दमाचा हिशेब पुन्हा शून्यावर. दोन्ही हवं असेल तर वजन कमी करा. तुम्हाला जेमतेम एकदाच उचलता येईल त्याच्या निम्म्याच्या आसपास आणा, बारा-पंधरा वेळा उचला, मध्ये पंधरा ते तीस सेकंदच थांबा. एकदा पाय, एकदा हात, पुन्हा पाय. १९५३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अॅडमसन या दोघांनी अशी पद्धत बसवली आणि ती सर्किट ट्रेनिंग म्हणून जगभर गेली.

आपल्या तालमीतल्या वस्तादांना यात नवीन काही वाटलं नसतं. जोर आणि बैठका तिथे शेकड्याने चालतात. पहिल्या वीस बैठकांना मांडीची ताकद लागते, दोनशेव्या बैठकेला छातीचा भाता लागतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी शरीरसौष्ठवपटू सँडोची पुस्तकं आणि उपकरणं मागवून वर्षानुवर्षं त्या विलायती पद्धतीने शरीर कमावलं, आणि पुढे सगळं सोडून सूर्यनमस्कार धरले ते कायमचेच. माझा कल राजांच्या बाजूला आहे. उपकरणांचा खर्च वाचतो, हेही एक कारण.

मग पैलवानाचं हृदय धावपटूसारखं होतं का? १९७५ मध्ये अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. लांब पल्ल्याचे धावपटू आणि जलतरणपटू यांच्या हृदयाची पोकळी मोठी झालेली दिसली. कुस्तीगीर आणि गोळाफेकपटू यांच्या हृदयाची भिंत जाड झालेली दिसली, पोकळी नेहमीएवढीच. पुढच्या अभ्यासांत ही विभागणी इतकी सरळ राहिली नाही, पण कल तोच आहे. सर्किट पद्धतीने दम वाढतो, मात्र धावण्या-सायकलीइतका वाढत नाही. वजन निम्म्यावर आणल्यामुळे ताकदही जड वजनाइतकी वाढत नाही. एका दगडात दोन पक्षी पडतात खरे, पण दोन्ही अर्धमेले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या सूचनांत दोन्ही खाती वेगळी ठेवली आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा. गोणीवाल्याला चालणं सुटत नाही.

पायरी सहावी : वरच्या पाचही पायऱ्या न वाचता जी माणसं हे आधीपासून करतात, त्यांना शिकवायला जाऊ नका. दिवाळीनंतर जिल्ह्यातली कित्येक आदिवासी कुटुंबं दक्षिण गुजरातेत साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. उचलणं, चढणं, पुन्हा वाकणं. ताकद आणि दम एकत्र कसे साधतात याचं याहून चोख प्रात्यक्षिक मिळणार नाही. मग हृदयाच्या तब्येतीत हीच माणसं सगळ्यांत पुढे हवीत.

इथे कागद दोन तऱ्हेने बोलतात. पॅफनबार्गर या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतल्या ६,३५१ कामगारांची २२ वर्षांची नोंद १९७५ मध्ये मांडली, तेव्हा माल वाहणारे हमाल हृदयविकाराने कमी मरत असल्याचं दिसलं. पण डेन्मार्कमध्ये एक लाखाहून जास्त प्रौढांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात फावल्या वेळात कष्ट करणाऱ्यांचा धोका कमी आणि पोटासाठी कष्ट करणाऱ्यांचा जास्त निघाला. शरीर तेच, कष्ट तेच! मला यात पाचवी पायरी, म्हणजे विश्रांतीच, महत्त्वाची वाटते. गोदीतलं काम जोराच्या झटक्यांचं होतं आणि झटक्यांच्या मध्ये उसंत होती. फडात पहाटेपासून वाकलेल्या बाईला गाडी भरेपर्यंत उसंत नसते, रात्री दुसरी गाडी आली तर झोपही नसते, आणि खुराकाच्या नावाने भाकरी-मिरची. पैलवान व्यायामानंतर दूध-बदाम घेऊन दुपारी झोपतो, म्हणून त्याचे जोर अंगी लागतात. आपण वजनांच्या मधली विश्रांती किती सेकंदांनी कमी करावी याची चर्चा करतो. तिथे प्रश्न ती मुकादमाकडून मिळवायची कशी हा असतो.

पायरी सातवी : छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंगाला गार घाम, यातलं काहीही झालं तर गोणी टाका आणि दवाखाना गाठा. ताक पिऊन बघू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्या पायरीच्या आधीच विचारा.

परीक्षा : महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरखनाथाची यात्रा असते. पाठीवर पिशवी घेऊन पायवाटेने घाट चढा आणि चढताना शेजारच्याशी गप्पा मारा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर दम आहे, शब्द तुटत असतील तर मध्यम, नुसती मान हलत असेल तर पुढच्या वर्षी या. डोक्यावर गाठोडं आणि कडेवर पोर घेऊन कोणी मागून आलं, तर वाट द्या. ते पास-नापासच्या बाहेरचे आहेत.