शर्यतपूर्व श्रवणविधी

धावपटूने शर्यतीआधी संगीत कसे ऐकावे, याचा विधी पुढे दिला आहे. तो सर्व साधकांसाठी असला, तरी लिहिण्याची निकड आमच्या घरातल्या एकाच साधकामुळे निर्माण झाली. हे दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, धावतात.

नियम पहिला : गाण्यांची यादी निदान आठवडाभर आधी करावी. अर्धी मॅरेथॉन माहीमहून पहाटेच्या अंधारात सुटते. रात्री साडेबाराला पलंगावर बसून ‘हे आधी घेऊ की ते?’ असं विचारणाऱ्या साधकाला बायकोकडून उत्तर मिळत नाही. मिळालं तर ते छापण्याजोगं नसतं.

नियम दुसरा : आपली नाडी पाहून गाणे निवडावे. इथे भलेभले चुकतात. पोटात गोळा आलेला, पुन्हा पुन्हा संडासाकडे धावणारा माणूस कानात ढोल-ताशा लावतो आणि छाती आणखी धडधडली की ‘चार्ज झालो’ म्हणतो. अहो, ती धडधड आधीचीच होती, तिला तुम्ही ताशा दिलात! भीती उतरवायची तर संथ, ओळखीचं काहीतरी लावावं. श्वासही हळूहळू त्याच्या चालीवर येतो. ढोल-ताशा त्यांच्यासाठी, जे सुरुवातीच्या रेषेवर जांभया देत उभे असतात. अंग गरम करताना मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांच्या आसपासची गाणी बरी. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिओर्गिस वर्षानुवर्षं याच विषयावर संशोधन करत आले आहेत, त्यांचंही सांगणं साधारण असंच. आमच्याकडचं संशोधन मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या धावपटू मित्रांकडून येतं.

नियम तिसरा : गाणे स्वतःच्या आवडीचे असावे, फेल्प्सच्या नव्हे. मायकल फेल्प्स शर्यतीआधी हेडफोन लावून हिप-हॉप ऐकायचा आणि २००८ साली बीजिंगला त्याने आठ सुवर्णपदकं जिंकली. मधल्या काळात तो पोहतही होता, हे मी सांगते. पण ते यांना ऐकू जात नाही, कारण कानात हिप-हॉप असतं. त्यातलं एक अक्षर यांना कळत नाही. खरी आवड दादा कोंडक्यांच्या गाण्यांची. ती मात्र शेजारच्या धावपटूला कळतील म्हणून लावायची नाहीत. इअरफोन आहे हो तो, मांडवातला कर्णा नव्हे!

नियम चौथा : इअरफोन चार्ज करावेत.

नियम पाचवा : संगीताकडून पायांचे काम मागू नये. बेताच्या वेगात धावताना गाण्याने दमणूक कमी वाटते, हे खरं. पण एकदा धाप लागली, की शरीराची तक्रार गाण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येते. पेडर रोडच्या चढावर कोणाचंही गाणं फारसं चालत नाही. यावर हे हैले गेब्रसेलासी या धावपटूचा दाखला देतात. त्याने १९९८ साली बर्मिंगहॅमला ‘स्कॅटमॅन’ या गाण्याच्या ठेक्यावर दोन हजार मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला. बरोबर आहे, पण त्याचं सगळं पाच मिनिटांच्या आत आटोपलं. यांची यादी अडीच तासांची आहे आणि तीही शेवटाला पुरत नाही.

नियम सहावा, घरच्यांसाठी : साधकाशी बोलण्याआधी त्याच्या कानातले बोळे स्वहस्ते काढावेत. मागच्या खेपेला मी दारातून ‘किल्ली घेतलीत का?’ म्हणून विचारलं. यांनी हसून अंगठा वर केला आणि किल्ली टीव्हीवर ठेवून निघून गेले.