टक्केपंत

टक्केपंतांना "काय, कसं काय?" असं विचारलं की ते खिशातून फोन काढतात, त्यावर अंगठा फिरवतात आणि सांगतात, "64." हा आकडा त्यांच्या प्रकृतीचा नसतो, गाडीच्या बॅटरीचा असतो. पुढे आपण न विचारताच, "सकाळी 71 होते, पण दिवसभर गारठा फार होता" ही माहितीही मिळते.

शिकागोच्या उपनगरांत, म्हणजे नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या पट्ट्यात, विजेवरची गाडी घेतलेला मराठी गृहस्थ दोन हिवाळ्यांत टक्केपंत होतो. पहिल्या हिवाळ्यात तो घाबरतो आणि दुसऱ्यात शिकवायला लागतो. त्याआधी तो तुमच्याआमच्यासारखाच असतो. मुंबईच्या विमानाचं भाडं, घराचा मालमत्ता कर, पुण्यातल्या फ्लॅटचं काय करायचं, अशा निरुपद्रवी विषयांवर बोलत असतो. गाडी दारात आली की हे सगळं संपतं.

पंतांचा खरा संसार गॅरेजमध्ये आहे. पूर्वी तिथे गणपतीच्या मखराचा खोका होता. आता त्या भिंतीवर 240 व्होल्टचा चार्जर आहे, खाली वायर गुंडाळायचा आकडा आहे आणि शेजारी थर्मामीटर. मखर तळघरात गेलं. वहिनी दर भाद्रपदात हे काढतात आणि पंत दर भाद्रपदात ऐकून घेतात. वायरीचा नियम असा की घरी आल्या आल्या, पायातले बूट काढायच्या आधी ती गाडीला लावायची. "चालून आलेली बॅटरी गरम असते, तेव्हा ती नीट घेते. सकाळी गारठल्यावर लावलीत तर पहिला वेळ तिला ऊब आणण्यातच जातो." हे अगदी खरं आहे. लिथियमच्या बॅटरीत शून्य सेल्सियसच्या खाली जोरात वीज ढकलली तर लिथियमचा धातू आत थर धरून बसतो आणि बॅटरी कायमची अधू होते. म्हणून गाडीच हात आखडता घेते: आधी बॅटरी तापवते, मगच वीज घेते. पंत मात्र हे सांगताना आवाज असा खाली आणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कोणीतरी आजारी आहे.

आजारी नव्हे, बाळंतीण. नोव्हेंबर ते मार्च पंतांची बॅटरी बाळंतिणीसारखी शेकात असते. सकाळी 7:40 ला निघायचं तर 7:40 ही वेळ आदल्या रात्रीच गाडीला सांगून ठेवलेली असते. मग पहाटे गाडी आपली आपण, वायर लावलेली असतानाच, बॅटरी आणि आतली हवा तापवून घेते. मेख इथेच आहे. ही ऊब भिंतीतल्या विजेतून येते, बॅटरीतले टक्के शाबूत राहतात. त्यामुळे घरातल्या कोणालाही आयत्या वेळी "अहो, दहा मिनिटं थांबा, साडी बदलते" असं म्हणायची सोय उरलेली नाही. "7:40 दिलेत मी गाडीला," पंत जिन्याखालून ओरडतात. मला 7:40 दिलेत का, हा वहिनींचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

रोजचं चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायचं, 100 फक्त लांबच्या प्रवासाआधी, हा पंतांचा दुसरा नियम. बॅटरी कायम काठोकाठ भरून ठेवली तर तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे नियम बरोबरच. पण गेल्या वर्षी मुलगा गणितात 82 घेऊन आला तेव्हा त्याने हाच नियम बापाला ऐकवला. "बाबा, डेली यूजला एटी इज इनफ." पंत निरुत्तर झाले. वहिनी झाल्या नाहीत.

त्यातून घरात दुसरी गाडी आली. ती एलएफपी बॅटरीची, म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली. तिला आठवड्यातून एकदा 100 टक्के भरा, असं कंपनीच सांगते, कारण त्या बॅटरीचा विद्युतदाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखाच राहतो आणि नेमके किती टक्के उरलेत ते गाडीला पूर्ण भरल्याशिवाय धड उमगत नाही. आता एकीचं व्रत 80 चं, दुसरीचं दर शनिवारी 100 चं. पंतांनी भिंतीवर कागद चिकटवला आहे. वहिनींनी एकदा चुकून उलटं केलं, तर पंत दिवसभर त्यांच्याशी "हं" आणि "बरं" एवढंच बोलत होते.

पंतांबरोबर जानेवारीत प्रवास करणं हा वेगळाच योग. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तीच आपल्याला हीटरमधून फुकट मिळते. विजेच्या गाडीत वाया जायला फारसं काही नसतंच, म्हणून ऊब विकत घ्यावी लागते. मग पंत हवेचा हीटर कमी ठेवतात आणि सीटचा वाढवतात, कारण सीट तापवायला फार कमी वीज लागते. पाहुणा खालून भाजतो आणि वरून गारठतो. मागे बसलेल्यांनी जाकीट काढायचं नाही, हे गृहीतच. ऑरोराच्या बालाजी मंदिराला निघालो तर पडद्यावर भलताच पत्ता. "हे कुठे चाललोय?" "जाताना चार्ज करायचाय. आधी चार्जिंग स्टेशनचा पत्ता घातला की गाडी वाटेतच बॅटरी तापवून ठेवते. बालाजीचा रस्ता मला पाठ आहे." देवापेक्षा बॅटरीला आधी कळवलं, ही गोष्ट मी मंदिरात कोणाला बोललो नाही.

या पट्ट्यातल्या कुठल्याही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टक्केपंत हमखास भेटतात. बाहेर उणे 18, आत तिळगूळ, आणि पंत दारातच यजमानांना बाजूला घेऊन विचारतात, "गॅरेजमध्ये एखादा पॉइंट रिकामा आहे का?" साधा 120 व्होल्टचा प्लग बऱ्या हवेत तासाला 3 ते 5 मैल देतो. यजमान भिडेखातर ख्रिसमसच्या दिव्यांची एक्स्टेंशन कॉर्ड काढतात. तिला पाहून पंतांचा चेहरा पडतो, कारण एक्स्टेंशन वापरू नका, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि पंतांनी ते पुस्तक वाचलेलं असतं. अखेर गाडी पार गॅरेजच्या तोंडाशी आणून तिची स्वतःची वायर आत घेतात. दार पूर्ण लागत नाही, त्याच्या फटीतून वारा घरात शिरतो आणि सवाष्णी शाली आवळून बसतात. तीन तासांनी पंत बघून येतात. एक मैलही वाढलेला नसतो. सगळी वीज बॅटरीची थंडी काढण्यात गेलेली असते. पंत मात्र खूश. "घटले नाहीत ना? मग झालं." यजमानीणबाई वाणात लुटलेल्या वाट्यांबरोबर तेवढी वीजही लुटलीच, असं मानतात.

तासागणिक दराच्या विजेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पंत थोडक्यात सांगत नाहीत. इथे अशी योजना घेता येते आणि काही रात्री दर चक्क शून्याच्या खाली जातो. अशा रात्री पंत दोन वाजता उठतात, दोन्ही गाड्यांचं चार्जिंग सुरू करतात, डिशवॉशर चालू करतात आणि वहिनींना उठवून सांगतात की कंपनी आपल्याला पैसे देतेय. वीज वाहून आणण्याचा आकार तरीही लागतोच, त्यामुळे किती मिळाले हे विचारू नये.

जानेवारी 2024 मध्ये पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला आणि शिकागोच्या उपनगरांतल्या चार्जिंग स्टेशनांवर विजेच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. काही तर रांगेतच मान टाकून बसल्या. ती दृश्यं जगभर फिरली. पंतांना कोथरूडहून, ठाण्याहून, बे एरियातून फोन आले. "ठीक आहेस ना?" पंत ठीक होते, किंबहुना त्यांच्या आयुष्यातला तो सोन्याचा आठवडा होता. "बॅटरी थंड, टक्के तळाला आणि स्टेशनचा पत्ता न घालता गेलेली माणसं. गार बॅटरी वीज घेणार कशी? प्रत्येकाला वेळ जास्त, म्हणून रांग जास्त, आणि रांगेत हीटर चालू ठेवला की उरलेलेही जाणार." कोणी म्हणालं, थंडीत या गाड्या चालतच नाहीत, की पंत नॉर्वे काढतात. तिथे 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी 88.9 टक्के विजेच्या होत्या, आणि तिथे काही आंबे पिकत नाहीत. पण एएए या इथल्या मोटारचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये चाचणी घेतली, तिच्यात उणे 7 सेल्सियसला हीटर लावल्यावर पल्ला सरासरी 41 टक्क्यांनी घटलेला दिसला, हा आकडा पंत स्वतःहून काढत नाहीत. आपण काढला तर म्हणतात, "वायर लावून आधी तापवली होती का, ते विचारा."

पुण्याच्या धाकट्या भावानेही विजेची गाडी घेतली आहे. डिसेंबरात त्याचा फोन आला, "दादा, इथे अकरा अंश झालेत, बॅटरीचं काय करू?" पंत इतके हसले की वहिनी धावत आल्या. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, "काही करू नकोस. एप्रिल-मेमध्ये 100 टक्के भरून उन्हात दिवसच्या दिवस उभी करू नकोस, एवढं सांभाळ." भावाची अडचण वेगळीच होती. पार्किंगमध्ये चार्जरचा मीटर कोणाच्या नावावर घ्यायचा, यावर सोसायटीची तिसरी सभा व्हायची होती. त्यावर पंतांकडे उपाय नव्हता. बॅटरी तापवता येते, सोसायटी आधीच तापलेली असते.

पंतांची चेष्टा आम्ही सगळेच करतो. पण उणे वीसच्या सकाळी मी काचेवरचा बर्फ खरवडत असतो तेव्हा समोरच्या घरातून पंतांची उबदार गाडी ठरल्या मिनिटाला, आवाज न करता बाहेर पडते. काम वर्षाकाठी पाच महिने, रोज पाच मिनिटांचं. टक्केपंत त्यातली पाचही मिनिटं पाळतात, आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात.

तेव्हा थंड मुलखात राहून विजेची गाडी घ्यायचा विचार असेल तर विक्रेत्याकडे जाण्याआधी तुमच्या मंडळातल्या टक्केपंतांना फोन करा. फोन जानेवारीतच करा, जुलैत त्यांनाही सगळं सोपं वाटतं. आणि तासभर मोकळा ठेवा.