अबोला, दोन आवाजांत

आमच्या घराण्यात अबोला हा कुळाचार होता. माझे दोन सख्खे काका, अण्णा आणि बापू, एकाच वाड्यात समोरासमोरच्या खोल्यांत राहायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. भांडणाचं मूळ बंबाच्या सरपणात होतं की आजीच्या पाटल्यांत, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही मतं एकाच काकूंची होती. व्यवहार मात्र कुठे अडत नसे. ‘‘बापूकाकांना सांग, नळ जायची वेळ झाली,’’ असं अण्णा मला सांगायचे, तेव्हा बापू माझ्या शेजारीच दाढी करत असायचे. ‘‘त्यांना विचार, मग बादल्या कोणी अडवून ठेवल्यात?’’ असं उत्तर माझ्याच हाती परत जायचं. गणपतीत मात्र आरतीला दोघं शेजारी उभे राहत. अण्णांनी वरचा सूर लावला की बापू खालून असा भरीव आवाज द्यायचे की शेजारच्या वाड्यातले लोक स्वतःची आरती आवरती घेऊन ऐकायला येत. आरती संपली की ‘‘त्यांना प्रसाद दे,’’ हे पुन्हा माझ्यामार्फत.

त्यामुळे सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर हे दोन गायक स्टेजवर गळ्यात गळा घालून गात आणि स्टेजवरून उतरल्यावर जवळजवळ तेरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, हे वाचून लोक थक्क होतात तसा मी झालो नाही. मला ते नात्यातले वाटले.

माझी त्यांच्याशी ओळख ऐंशीच्या दशकात झाली. अमेरिकेला शिकायला गेलेल्या आतेभावाने एक कॅसेट भरून पाठवली होती. सोबतच्या पत्रात आत्यासाठी चार पानं खुशाली आणि माझ्यासाठी एकच ओळ होती, की आवाज मोठा ठेवून ऐक. मी ठेवला. आधी गिटारचा एक घसरता तुकडा आला, मग ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले एकदम अंगावर आले आणि त्यांच्या मागून दोन माणसं अशी गायला लागली, जणू एकाच खिडकीवर दोघांना तिकीट हवं आहे आणि तिकीट एकच उरलंय. ते ‘सोल मॅन’ होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘भांडतायत का रे?’’ पुढे या दोघांवर बरंच काही वाचलं, पण इतकं नेमकं परीक्षण मला कुठे सापडलं नाही.

सॅम मायामीचा, डेव्ह जॉर्जियातल्या ओसिला नावाच्या गावचा. दोघंही चर्चमध्ये गात वाढलेले. १९६१मध्ये मायामीतल्या ‘किंग ऑफ हार्ट्‌स’ नावाच्या क्लबात हौशी गायकांची रात्र होती. सॅम तिथे सूत्रसंचालन करत होता आणि डेव्ह जॅकी विल्सनचं गाणं म्हणायला उभा राहिला. मध्येच तो शब्द विसरला. सॅमने बाजूने शब्द पुरवले, मग शब्दांबरोबर सूरही पुरवला, आणि लोकांनी दोघांनाही खाली उतरू दिलं नाही. आपल्याकडे गायक शब्द विसरला की तबलजी छताकडे बघतो. तिकडे जोडी जमली.

तीनेक वर्षं इकडेतिकडे गाऊन झाल्यावर न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर यांच्यावर खूश झाला. त्याने करार केला आणि दोघांना मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत पाठवून दिलं. करार एकाशी आणि काम दुसऱ्याकडे, म्हणजे सरकारी भाषेत प्रतिनियुक्ती. सॅम या बदलीवर नाराज होता. त्याला सॅम कुकसारखं मऊ, रेशमी गायचं होतं, आणि हे स्टॅक्स म्हणजे मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमागृह होतं. खुर्च्या काढून तिथे स्टुडिओ केला होता; जमीन मात्र थिएटरचीच, पडद्याकडे उतरती. खाऊच्या काउंटरच्या जागी रेकॉर्डचं दुकान. मालक दोघं, सख्खे बहीणभाऊ. एस्टेल ॲक्स्टन यांनी घर गहाण टाकून रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं होतं आणि जिम स्ट्युअर्ट बँकेत नोकरी करून फिडल वाजवायचे. बँकेतला माणूस कलेचा संसार चालवतोय हे वाचून मला मेम्फिस एकदम पुण्याजवळ आल्यासारखं वाटलं.

गाणी लिहायला आणि बसवायला आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर ही दुसरी जोडी होती. हेज मांसाच्या कारखान्यात राबलेला. पोर्टर समोरच्या किराणा दुकानात काम करायचा आणि वर विमाही विकायचा. विमा एजंटला एक विद्या उपजत येते. समोरच्याने दार लावायच्या आत वाक्य पुरं करायचं. सॅम आणि डेव्हची गाणी ऐकताना ती विद्या जागोजाग दिसते.

१९६६चं ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिंग’ कसं सुचलं, ही गोष्ट हेज आणि पोर्टर दोघंही आयुष्यभर सांगत आले. हेज पियानोवर काहीतरी सापडल्यामुळे उतावीळ झालेला आणि पोर्टर संडासात. हेजच्या हाका चालूच. शेवटी पोर्टर आतूनच ओरडला, की जरा दम धर, येतोच आहे. आणि ओरडता ओरडता त्याच्या लक्षात आलं की हेच ते! पॅन्ट सावरत तो बाहेर आला आणि गाणं झालं. रेडिओवाल्यांना त्या शीर्षकात भलताच अर्थ दिसला, म्हणून ते किंचित बदलून छापावं लागलं. गाणं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्या कवींना नदीकाठी, चांदण्यात, फार तर एसटीच्या खिडकीत सुचतं. निदान मुलाखतीत तरी ते तसंच सांगतात.

वाजवायला बुकर टी. जोन्स आणि त्याची मंडळी होती. बुकर टी. आणि ड्रमर अल जॅक्सन काळे, गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवाला डक डन गोरे. त्या काळच्या मेम्फिसमध्ये हे चौघं बाहेरच्या जगात एका टेबलावर सुखाने जेवू शकले नसते. थिएटरच्या उतारावर मात्र ते एका ठेक्यात वाजवायचे. ‘सोल मॅन’ आलं १९६७मध्ये. त्या उन्हाळ्यात दंगलींत डेट्रॉइट पेटलं होतं आणि काळ्या दुकानदारांनी आपल्या दारांवर ‘सोल’ असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे जाळपोळ करणारे ते दुकान वगळून पुढे जातील. टीव्हीवरची ती दृश्यं बघून हेजने गाणं रचायला घेतलं. क्रॉपरने त्यात गिटारच्या तारांवर चक्क सिगारेटचा लायटर घासून तो घसरता तुकडा काढला, आणि सॅमला तो इतका आवडला की भर गाण्यात त्याने क्रॉपरला नाव घेऊन हाक मारली. ती दाद तशीच रेकॉर्डमध्ये राहिली. पुढे १९७८मध्ये ब्लूज ब्रदर्स या विनोदी नटांच्या जोडीने हेच गाणं गायलं. गिटारवर पुन्हा क्रॉपर, आणि त्यांनीही त्याच जागी त्याच नावाने हाक मारली. एकाच तुकड्यासाठी त्याच माणसाला अकरा वर्षांनी पुन्हा दाद! आमच्या ऑफिसात एकदाही मिळाली नव्हती.

सॅम आणि डेव्ह स्टेजवर गायला लागले की घामाने सूट चिंब होत. मराठी भावगीताच्या मैफलीतही गायक घामाघूम होतो, पण तो पेटीवाल्याच्या वहीची पानं उडतात म्हणून पंखा बंद केलेला असतो त्यामुळे. हे दोघं घामासाठीच गात. १९६७च्या वसंतात स्टॅक्सची सगळी मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली. शेवटचा मान ओटिस रेडिंगचा, त्याच्या आधी हे दोघं. रोज हे दोघं थिएटर पेटवून द्यायचे आणि मग ओटिससारख्या ओटिसला त्या राखेवर उभं राहून गावं लागायचं. पुन्हा माझं नाव या दोघांच्या पाठोपाठ लावायचं नाही, असं त्याने आपल्या मॅनेजरला बजावलं म्हणतात. त्या दौऱ्यातल्या ऑस्लोच्या कार्यक्रमाचं चित्रण आजही बघायला मिळतं. ओटिसचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. जग सॅमचं आहे. वरच्या पट्टीतला, सुरीसारखा आवाज त्याचा, बहुतेक हाका त्याच्या, कौतुकही त्याचंच. डेव्हबद्दल लोक ‘आणि दुसरा’ असं बोलतात. मी त्या दुसऱ्याच्या आवाजाचा माणूस आहे. डेव्हचा आवाज खालचा, खरबरीत. त्याचं काम उत्तर द्यायचं. पण पोवाड्यात झीलकरी शाहिराच्या मागे ‘जी जी’ धरतात तशी ही री ओढणं नाही. सॅमचं वाक्य संपायच्या केसभर आधी डेव्ह घुसतो. कधी त्याचंच म्हणणं जास्त जोरात सांगतो, तर कधी ‘‘हे तू मला सांगतोस?’’ अशा सुरात. मग सॅमला पुढची ओळ आणखी वर न्यावी लागते, कारण खालून धक्के बसतायत. सॅम उंच गातो ती उंची निम्मी डेव्हची आहे. ‘व्हेन समथिंग इज राँग विथ माय बेबी’ या संथ गाण्यात दोघं आधी एकेकटे गातात आणि मग एकत्र येतात. ते एकत्र येणं ऐकताना मी अजून बोलणं बंद करतो. घरात त्याचा वेगळा अर्थ काढला जातो.

हे उत्तर देण्याचं काम किती अवघड आहे ते मला आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात कळलं. निवृत्त माणसांना हल्ली दोनच रोग होतात, मधुमेह आणि कराओके. मेव्हण्याला आणि मला दोन्ही आहेत. सांस्कृतिक कार्यक्रमात ‘सोल मॅन’ म्हणायचं ठरवून आम्ही सेक्रेटरींकडे नाव द्यायला गेलो.

‘‘इंग्रजी? गणपतीत?’’ ते म्हणाले. ‘‘देवाचं काही आहे का त्यात?’’

‘‘दोघंही देवळात गाऊन तयार झालेले आहेत,’’ मी म्हणालो. चर्च हा तपशील मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला.

पहिला वाद सॅम कोण, यावर. मेव्हणा म्हणाला, सॅम मी. बायकोचा भाऊ म्हटल्यावर मी माघार घेतली. तालमीत दिसलं की सॅमचं सोपं आहे. त्याला रस्ता दिलेला असतो, चालत सुटायचं. डेव्हला फक्त खड्डे मिळतात आणि ते नेमक्या क्षणी भरायचे असतात. अर्धा श्वास उशीर झाला की आपण गायक राहत नाही, नुसते उशिरा आलेले पाहुणे होतो. प्रयोगात मेव्हणा दुसऱ्याच कडव्यात बसला. पट्टी उंच होती. तो खोकत होता आणि मी प्रश्नाशिवाय उत्तरं देत होतो. पुढच्या रांगेतल्या आजी मोदकाचं ताट बाजूला ठेवून सुनेला म्हणाल्या, ‘‘याला कोणीतरी साथ द्या गं!’’ त्यानंतर मेव्हणा माझ्याशी काही दिवस बोलला नाही. परंपरा आता सासरकडेही पोचली आहे.

पण सरपण, पाटल्या आणि मेव्हणा यांच्या हिशोबाने सॅम-डेव्हचा अबोला मोजता येत नाही. १९६८मध्ये घरगुती भांडणात डेव्हने स्वतःच्या बायकोवर गोळी झाडली. ती वाचली, त्याच्यावर खटला झाला नाही. तुझ्याबरोबर गाईन, पण बोलणार नाही, असं सॅमने त्याला सांगितलं आणि पाळलं. त्या माणसाची वकिली मी करणार नाही. सॅमने केलं ते बरोबरच केलं. मी आवाजाच्या बाजूला आहे, आणि आवाज आणि माणूस एकाच गळ्यात राहतात ही माझी अडचण आहे. तीच कॅसेट हे कळल्यानंतरही मी लावली. पूर्वीसारखी ऐकू आली, आणि त्याचा मला थोडा रागच आला.

१९६८मध्येच स्टॅक्स आणि अटलांटिकचं फाटलं. प्रतिनियुक्ती संपून दोघं परत अटलांटिककडे गेले आणि हेज-पोर्टर मेम्फिसलाच राहिले. मग ती गाणी झाली नाहीत. १९७०मध्ये दोघं वेगळे झाले, पुन्हा एकत्र आले, पुन्हा फुटले. सॅम हेरॉइनच्या विळख्यात सापडला होता. त्याने एकट्याचा अल्बम केला, पण तो घडवणाऱ्या किंग कर्टिसचा १९७१मध्ये खून झाला आणि अल्बम पडून राहिला तो थेट २००२पर्यंत. १९८१च्या शेवटच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत दोघं शेवटचे एकत्र गायले. नंतर डेव्हने सॅम डॅनिएल्स नावाचा गायक गाठला आणि ‘सॅम अँड डेव्ह’ची पाटी तशीच ठेवून कार्यक्रम चालू ठेवले. नाव जुळलं की निम्मं काम झालं, हे लग्न जुळवणाऱ्यांना माहीत असतं तेवढं संगीतात चालत नाही. १९८८मध्ये जॉर्जियातच मोटार अपघातात डेव्ह गेला.

सॅमने पत्नी जॉइस यांच्या मदतीने व्यसन सोडलं आणि पुढे खूप गायला. २०२५च्या जानेवारीत, एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला. मधल्या काळात डेव्हच्या जागेवर किती जण उभे राहून गेले! १९८६मध्ये तर एका सिनेमासाठी ‘सोल मॅन’ पुन्हा गायला लू रीड होता. लू रीड हा थोर माणूस, पण तो गाणं गातो की वर्तमानपत्र वाचून दाखवतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने सॅमला आपल्या अल्बममध्ये बोलावलं. तिथेही तो अप्रतिम आहे. पण या सगळ्या ठिकाणी सॅमची ओळ संपत आली की माझा कान पुढे सरसावतो. तिथे एक खड्डा असतो आणि तो कोणी वेळेवर भरत नाही.

मग तो मी भरतो. सकाळी हॉलमध्ये, हातात फडकं घेऊन, पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झटकताना. वरच्या मजल्यावरचे लोक समंजस आहेत. आतून बायको विचारते, ‘‘अहो, मला काही म्हणालात का?’’

‘‘नाही, सॅमला,’’ मी म्हणतो.

‘‘मग त्यालाच सांगा, दूध उतू जातंय.’’