जर्मनीची आई लग्नाला येतेय

"वहिनी, कळलं का? डॉक्टरांच्या धाकटीच्या लग्नाला जर्मनीहून माणसं येतायत!"

"मुलाकडची?"

"छे हो, हिच्याचकडची. अकरावीत रोटरीच्या एक्स्चेंजवर वर्षभर गेली होती ना, तेव्हा ज्यांच्याकडे राहिली ते नवरा-बायको. बाईंनी तर रुखवतासाठी टेबलक्लॉथ भरून ठेवलाय म्हणे."

"इतकी वर्षं झाली, अजून धरून आहेत? पैसे घेऊन ठेवतात ना मुलांना?"

"मलाही तसंच वाटायचं. पण दमडी मिळत नाही त्यांना. घरंसुद्धा वर्षात बदलतात. ही तीन घरी राहिली, पण जीव जडला तो मधल्या घरावर. पहिल्या घरी कशाला हात लावू देत नव्हते. लाड झाले, पण पाहुणीच राहिली. मधली बाई मात्र खमकी! कागद पिवळ्या पिशवीत टाकला की परत काढायला लावायची. संध्याकाळी ब्रेड, चीज नि काकडी, झालं जेवण. सुरुवातीला रडलीच पोरगी. पण सहा डिसेंबरला, सेंट निकोलसच्या दिवशी, घरच्या पोरांबरोबर हिच्याही बुटात संत्रं, अक्रोड, चॉकलेट!"

"आणि ते नियम असतात ना कसले?"

"दारू नाही, ड्रग्ज नाही, गाडी चालवायची नाही, प्रेमात पडायचं नाही!"

"हे शेवटचं आपल्याकडेही चालू करा म्हणावं."

"हो ना! डॉक्टरीणबाईंना मात्र सुरुवातीला रुचलं नव्हतं हं. फोनवर लेक त्या बाईचं कौतुक करायला लागली की यांचं तोंड एवढंसं. मग पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा इथे आला, तो यांच्याच घरी. गणपतीत आरतीला टाळ वाजवायचा, आठवतोय ना? तो तापानं फणफणला, तेव्हा रात्रभर उशाशी याच बसल्या. सकाळी आपणहून जर्मनीला फोन लावला. कोणाला कोणाची भाषा येईना, पण तासभर बोलत होत्या. तेव्हापासून दिवाळीला चिवडा तिकडे जातो नि नाताळात केक इकडे येतो."

"काही म्हणा, सख्खे चुलत तरी इतकं करतात का?"

"चुलत्यांचं नावच नको! बरं, शुक्रवारी माझ्याकडे केळवण आहे, ते जर्मन नवरा-बायकोही येणार आहेत. तुम्ही या, नि येताना तुमच्या चार खुर्च्या पाठवून द्या."