बंगल्याच्या उत्तरेकडील भिंतीचा सविस्तर विचार

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर बंगला बांधणाऱ्या शहरी गृहस्थास स्थानिक व्यवहारात ‘फार्महाऊसवाला’ म्हणतात, आणि त्याचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे भिंत पांढरीच असावी हा हट्ट होय. हा पांढरा साधा नसतो. शेडकार्डावर, म्हणजे रंगांच्या छटा दाखवणाऱ्या घडीपत्रकावर, त्याचे अनेक पोटभेद असतात, आणि त्यांतील दोन पोटभेद रंगाऱ्याला सारखेच दिसले तर रंगाऱ्याच्या सौंदर्यदृष्टीविषयी खेद व्यक्त करण्याचा अधिकार मालकाने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. या वर्गाच्या निरीक्षणासाठी प्रस्तुत लेखकास कोठेही जावे लागत नाही, आरसा पुरतो.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि वाऱ्यामुळे पुष्कळदा आडवा पडतो. साहजिकच हा पांढरा फार काळ पांढरा राहत नाही. भिंतीवर जे हिरवे दिसते ते बहुधा शैवाल, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न आपणच तयार करणारा सूक्ष्म जीव. जे काळे ठिपके दिसतात ती बुरशी, जिला ही विद्या येत नसल्यामुळे ती रंगातील सेंद्रिय घटकांवर, साचलेल्या धुळीवर आणि मेलेल्या शैवालावर गुजराण करते. आणि वरून खाली आलेले काळे ओघळ अनेकदा सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंचे असतात. मालक या तिघांना मिळून ‘शेवाळ’ म्हणतो, तर कंत्राटदार “काही नाही साहेब, पावसाचं आहे ते,” असे म्हणतो. दोहोंपैकी कंत्राटदाराचे निदान अधिक शास्त्रीय आहे, कारण भिंत ओली राहिली नाही तर यांपैकी एकही जीव तेथे टिकत नाही.

जुन्या घरांना हे ठाऊक होते. कौलारू छपर भिंतीच्या बरेच पुढे काढलेले असे, त्या पुढे आलेल्या भागाखालच्या जागेला वळचण म्हणत, आणि पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडत. ठाकर-कातकरी वाड्यांवर कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर माती व शेण लिंपलेली भिंत, पावसाळ्यात पेंढ्याने किंवा मेणकापडाने झाकतात आणि पाऊस सरला की पुन्हा सारवतात. भिंत दरवर्षी नवी होत असल्याने तिच्या जुनेपणाची लाज बाळगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बंगल्याला मात्र ‘एलिव्हेशन’ असते, म्हणजे दर्शनी रूप, आणि त्यात छज्जा बसत नाही असे नकाशा काढणाऱ्याचे मत पडल्यामुळे सपाट स्लॅबवरचे पाणी थेट भिंतीवरून उतरते. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही हे खरे असले तरी जोत्यातील ओल गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून, केशाकर्षणाने, दोन-तीन फूट सहज चढते. उत्तरेकडील भिंतीला तर पाऊस संपल्यावरही ऊन क्वचितच लागते, कारण दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि म्हणून ती सर्वांत शेवटी वाळते.

येथे शैवाकाविषयी काही सांगणे आवश्यक आहे. आवश्यक नसते तरी सांगितले असते. कुंपणाच्या दगडावर आणि आंब्याच्या खोडावर करड्या-हिरव्या रंगाच्या ज्या चकत्या दिसतात, ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 च्या सुमारास हा एक जीव नसून दोन आहेत असे मांडले, त्यात बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम ठरवले, आणि समकालीन शैवाकतज्ज्ञांचा रोष ओढवून घेतला. आपण आयुष्यभर ज्याला एक समजून नावे दिली ते जोडपे निघाले, हे कोणालाही सहजी पचत नाही. याच कुळातील एक शैवाक वाळवून दगडफूल या नावाने बाजारात येते, आणि ते तेलात परतल्याशिवाय गोडा मसाला सिद्ध होत नाही. म्हणजे जो गृहस्थ रविवारी सकाळी तारेच्या ब्रशाने कुंपण खरवडतो, तोच दुपारी त्या शैवाकाच्या भाऊबंदांनी सुवासित केलेल्या आमटीची तारीफ करतो. याहून गंभीर बाब अशी की अनेक शैवाकांना गंधकाच्या धुराने दूषित झालेली हवा सोसत नाही. विल्यम नायलँडर याने 1866 मध्येच पॅरिसच्या शैवाकांवरून तेथील हवेची परीक्षा केली होती. शुद्ध हवेसाठी लाखो रुपये मोजून शहापुरास आलेला मनुष्य त्या हवेचे दाखले स्वखर्चाने पुसून टाकतो.

उपायांपैकी सर्वांत जुना चुन्याचा. ताज्या चुन्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारे माप, 12 च्या वर असल्याने त्यात सूक्ष्म जीव जगत नाहीत, परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा खडू होतो आणि ती शक्ती ओसरते. सफेदी दरवर्षी करण्यामागे हेही कारण आहे. दुसरा उपाय टी.सी.एल.चा, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लीचिंग पावडरीचा. मालकाला यांपैकी काहीच मानवत नाही, कारण त्याच्याकडे गणपती असतात, पाहुणे येणार असतात, आणि म्हणून तो श्रावणात ओल्या भिंतीवर रंग चढवतो. नवरात्रापर्यंत त्या रंगाखाली फुगे येतात, पोपडे सुटतात आणि आतून काळे पुन्हा वर येते.

मग उन्हाळ्यात दाबाने पाणी फेकणारे यंत्र येते, आणि विनोद येथे थांबतो. याच शहापूर तालुक्यातील तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देत आहे. एकट्या भातसा धरणातून मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी जाते. आणि कसाऱ्याकडच्या वाड्या-पाड्यांवरील बाया एप्रिल-मेमध्ये टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. जो पाऊस बंगल्याची भिंत हिरवी करतो तोच या धरणांत साठतो, परंतु धरणाशेजारच्या हंड्यात येत नाही, आणि त्याच रस्त्याने बंगल्याची भिंत धुण्यासाठी खाजगी टँकर निघून जातो, याची चीड येणे हे सौंदर्यदृष्टीच्या अभावाचे लक्षण नव्हे.

तेव्हा फार्महाऊसवाल्यांना, प्रस्तुत लेखकासह, विनंती अशी: छज्जा काढावा, बुरशी कोरडी खरवडू नये, बीजाणू उडतात, टी.सी.एल. संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. भिंत बादलीभर पाण्यात पावसाळ्यातच घासावी, रंग दिवाळीनंतर द्यावा, आणि मे महिन्यात टँकर दिसला तर तो आधी पाड्यावर जाऊ द्यावा.