शिखरावर नऊ मिनिटं

अण्णांना एखादा डोंगर सुचवून बघा. तो केवढा उंच, वरून काय दिसतं, असलं ते काही विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "परतीची बस कितीची?"

आम्ही राहतो तोक्योच्या निशी-कासाईत. इथे मराठी माणसं पुष्कळ, गाडी फारशी कुणाकडे नाही, आणि सह्याद्रीत भटकून वाढलेल्यांचे पाय शनिवारपासूनच शिवशिवायला लागतात. अशा मंडळींचे अण्णा हे स्वयंभू स्टेशनमास्तर. मूळचे डोंबिवलीचे. कॉलेजात असताना एका ट्रेकहून उतरायला उशीर झाला, कर्जतहून परतीची शेवटची लोकल गेली आणि रात्र फलाटावर काढावी लागली. ते डास जपानपर्यंत त्यांच्या मागे आलेत.

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिला चार रकाने: सुटणार, पोचणार, बदल, उशीर. जपानात हा चौथा रकाना बहुधा कोराच राहतो, याचं अण्णांना कौतुक आहे आणि थोडं वाईटही वाटतं. इथे गाडीला पाचेक मिनिटं उशीर झाला की रेल्वे कंपन्या ऑफिसात दाखवायला प्रमाणपत्राची छोटी चिठ्ठी देतात. अण्णा ती आवर्जून घेतात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"अण्णा, दाखवणार कुणाला?"

"दाखवायला कशाला? संग्रही असावी."

अण्णांचा बेत उलटा चालतो. आधी बस. तिच्यातून उतरायचा वेळ वजा, त्यातून जेवण वजा, चढण वजा, असं मोजत मोजत ते पहाटे आपल्या घराच्या दारापर्यंत येतात आणि मग आपल्याला कळतं की साडेचारला उठायचं आहे. जपानी डोंगरनकाशांवर प्रत्येक वाटेला किती मिनिटं लागतात ते छापलेलं असतं. अण्णा त्या आकड्यांना एक पूर्णांक तीन दशांशांनी गुणतात. "एक दशांश फोटोंसाठी," ते समजावतात, "आणि दोन 'जरा टेकू या'साठी. आपल्या लोकांचा गुणक आहे हा."

गेल्या खेपेला एक नवा मुलगा आला होता, पुण्याहून नुकताच बदलून. त्याने भाबडेपणाने विचारलं, "अण्णा, भाड्याने गाडीच घेऊ या ना?"

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने पंगतीत बसून पोळीला काटा-चमचा मागितला. "अरे राजा, गाडी ठेवशील तिथेच परत यावं लागतं. म्हणजे तू गाडीला बांधलेला. आपण एका स्टेशनावर चढायला लागायचं आणि डोंगराच्या पलीकडे भलत्याच गावात उतरायचं. हे गाडीवाल्याला जमतं का?"

खरं सांगायचं तर यावर उत्तर नाही. विना-गाडीच्या डोंगराचं सगळं सुख या एका वाक्यात आहे. अडचण एवढीच, की अण्णा ते सुख आपल्याला बसून भोगू देत नाहीत.

बेत होता ताकाओ ते जिनबा. ताकाओ ५९९ मीटर, शिंजुकूहून केइओच्या गाडीने तासाभराच्या आत पायथा. केबल कार आहे, आज्या आणि बालवाड्या रांगेने चढतात. तिथून धारेने कोबोतोके खिंड, कागेनोबु, आणि शेवटी ८५५ मीटरचा जिनबा. सहा तासांची चाल. जपानात डोंगरावर जाताना आपला बेत लिहून देण्याची रीत आहे, त्याला तोझान-तोदोके म्हणतात. अण्णांनी त्याच्या तीन प्रती काढल्या. एक खिशात, एक माझ्याकडे, एक वहिनींच्या फ्रिजवर. त्यात 'पळवाटा' असं शीर्षक घालून प्रत्येक खिंडीतून कुठे उतरून कुठली बस गाठायची हे लिहिलेलं. वहिनींनी त्याच कागदाच्या कोपऱ्यात 'येताना कोथिंबीर' असं लिहून ठेवलं.

तोझाई लाइन, कुदानशिताला बदल, शिंजुकूला बदल. सहावा डबा, तिसरं दार, कारण तेच जिन्यासमोर येतं. चूक नाही. ताकाओवर आम्ही वहीपेक्षा दोन मिनिटं आधी पोचलो आणि अण्णांनी ती दोन मिनिटं 'शिल्लक' म्हणून पुढे ओढली.

गर्दी मात्र फार होती. "सोमवार असून?" मी म्हणालो. अण्णा म्हणाले, "निवृत्त लोक."

कागेनोबुच्या माथ्यावर चहाचं दुकान आहे. नामेको अळंबीचं, जरासं बुळबुळीत, वाफाळतं मिसो सूप तिथे मिळतं आणि थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही. पण ते चालतं शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी. वहीत तशी नोंद होती: 'सोम. बंद. ओनिगिरी जवळ ठेवणे.' आम्ही वर आलो तर दुकान उघडं, पातेल्यातून वाफ निघतेय, वीसेक माणसं रांगेत.

"अण्णा, उघडं आहे!"

"अपवाद," अण्णा म्हणाले आणि चालू लागले. सुपाची मिनिटं वहीत धरलेली नव्हती. आम्ही चालता चालता गार भाताचे गोळे चावत निघालो. पुण्याचा मुलगा चार वेळा मागे वळून बघत होता.

जिनबाच्या माथ्यावर मान आभाळाकडे ताणलेला पांढरा घोडा आहे आणि समोर फुजी. त्या दिवशी लख्ख दिसत होता. डोळे भरून बघावं, थालीपिठाचा डबा उघडावा, असा तो माथा. अण्णा म्हणाले, "नऊ मिनिटं." आठव्या मिनिटाला त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग आम्ही जिनबा-कोगेन-शिताच्या थांब्याकडे अक्षरशः धावत उतरलो. सूर्य पावणेपाचलाच मावळणार होता आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर कर्जतचा फलाट होता.

थांब्यावर पोचलो तेव्हा बसला सहा मिनिटं होती. अण्णांनी विजयी मुद्रेने वही मिटली. सहा मिनिटं झाली. दहा झाली. पुण्याचा मुलगा जपानीची परीक्षा देतोय, तो खांबावरचा तक्ता वाचायला लागला.

"अण्णा, ही बस डाव्या रकान्यात आहे. कामाच्या दिवसांच्या."

"मग? सोमवार नाही का?"

"पण आज सुट्टी आहे ना?"

२०२४ साली ३ नोव्हेंबरचा संस्कृती दिन रविवारी आला होता, म्हणून सोमवारी बदली सुट्टी. ती होती म्हणूनच तर आम्ही सगळे डोंगरावर होतो. उजव्या रकान्यात पुढची बस चाळीस मिनिटांनी होती. आम्ही देवदारासारख्या सुगी झाडांकडे तोंड करून बाकावर बसलो. तिथून फुजी दिसत नाही. थालीपीठ तेवढं झालं. अण्णांनी खाल्लं नाही.

तीन दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, कोफूच्या वेधशाळेने फुजीवर त्या हंगामाचं पहिलं बर्फ दिसल्याचं जाहीर केलं. एरवी ते सरासरी २ ऑक्टोबरला दिसतं. १८९४पासूनच्या नोंदींत इतका उशीर कधी झाला नव्हता. संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो तर वही उघडी होती. चौथ्या रकान्यात ताज्या शाईने लिहिलं होतं: 'फुजी. ३६ दिवस. प्रमाणपत्र मिळाले नाही.'